दुपारी दोन वाजले की एसी गार करणं सोडून देतो (नागपूर) – लवकर मदत हवी

शिरीषगंध | २१ मे, दुपारी ३:१२
दीड टनाचा स्प्लिट आहे, बेडरूममध्ये. सकाळी छान गार करतो, रात्री अकरानंतरही करतो. दुपारी दोन-अडीचला मात्र नुसती पंख्याची हवा. पंधरा-वीस मिनिटांनी थोडा वेळ गार लागतं, की पुन्हा तेच. मेकॅनिक आला, 'गॅस संपला' म्हणाला, भरून पैसे घेऊन गेला. नंतर ढगाळ होतं तोवर बरं चाललं, ऊन पडलं की जैसे थे. आता तो फोन उचलत नाही. बहीण बाळंतपणाला आली आहे, बाळ त्याच खोलीत असतं आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून लागायचाय. नक्की काय बिघडलंय? नवीन घ्या असं कृपया कोणी सांगू नका, मशीन जुनं नाही.

धंतोलीकर | दुपारी ३:३०
इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होणारा) की साधा? मजला कोणता? आउटडोअर (बाहेरचं युनिट) कुठे आहे, त्याच्यावर ऊन येतं का? स्टॅबिलायझर आहे का? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

कुलरप्रेमी_भाऊ | दुपारी ३:४१
ताई, मे महिन्यात नागपुरात एसीची गरजच नाही. हवा कोरडी राहते नं. बाहेर ४४ असलं अन् आर्द्रता १५ टक्के असली तं चांगला डेझर्ट कुलर २७-२८ ची हवा देते. ताट्या (बाजूच्या गवती जाळ्या) दरवर्षी नव्या टाका, पंप साफ करा, बस. बिल एसीच्या पाव भागही येत नाही. आमच्याकडे तीन पिढ्या कुलरवरच राहून राहिल्या.

शिरीषगंध | दुपारी ३:५५
इन्व्हर्टर, ३ स्टार, आर-३२ गॅस. चौथा मजला, वर गच्ची. स्टॅबिलायझर आहे. कुलरही आहे, दुपारी दोन्ही सोबतच लावतो.

विजू_इतवारी | दुपारी ४:०२
कॅपॅसिटर गेला आहे. आमच्या दुकानातल्या एसीला अस्संच झालं होतं. बदलला, मशीन सुरू.

जुना_कारागीर | दुपारी ४:२०
विजूभाऊ, तुमचा साधा एसी असेल. इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरला तो रनिंग कॅपॅसिटर नसतोच, तो पीसीबीवरून (इलेक्ट्रॉनिक बोर्डावरून) चालतो. उगाच खर्च करायला लावू नका.
ताई, दोन गोष्टी. पहिली, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. सिस्टिम बंद असते. कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, आणि लीकने बराच गॅस गेला असेल तर सकाळीही नीट गार लागणार नाही. दुसरी, एसी सुरू असताना कुलर बंद ठेवा. कुलर बाहेरची हवा आत ओढतो, वर तिला ओलही देतो. ती ओल एसीला पाणी करून ड्रेनमधून काढावी लागते. ताशी एक लिटर काढायचं तर जवळजवळ ०.७ किलोवॉट ताकद त्यातच जाते. दीड टनाची सगळी ताकद सव्वापाच किलोवॉट, आणि कुलर तासाला कितीतरी लिटर पाणी उडवतो.

कुलरप्रेमी_भाऊ | दुपारी ४:३३
अर्धं नागपूर दोन्ही लावते. आम्हाला तं थंडच वाटते.

जुना_कारागीर | दुपारी ४:४०
वाऱ्याचा झोत अंगावर येतो म्हणून थंड वाटतं. दारं-खिडक्या लावून खोलीचं तापमान मोजून पाहा.

माई_प्रतापनगर | संध्याकाळी ५:०५
एसीचं ठीक आहे, पण तान्ह्या बाळाला त्यात ठेवूच नका गं. वाळ्याचे पडदे लावा, पाणी शिंपडत राहा. आमची मुलं अशीच वाढली.

अनघा_म | संध्याकाळी ५:१८
माई, गच्चीखालच्या खोलीत स्लॅब रात्रीही तापलेला असतो. तान्ह्या बाळाला उष्माही बाधतो. थेट झोत अंगावर येऊ देऊ नये आणि फार गार करू नये, इतकं सांभाळलं की झालं. कितीवर लावावा ते बाळाच्या डॉक्टरांना विचारा. मूळ प्रश्न एसीचा आहे, त्यावर बोलूया का?
ताई, गच्चीवर पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह रंग लावून घ्या, निदान चुना तरी. आमच्याकडे संध्याकाळी स्लॅबला आतून हात लावला की चटका बसायचा, तो बंद झाला.

धंतोलीकर | संध्याकाळी ५:३०
आउटडोअर कुठे आहे ते अजून सांगितलं नाही. आणि दुपारी तीनला व्होल्टेज किती येतं? स्टॅबिलायझरवर दिसत असेल.

शिरीषगंध | संध्याकाळी ६:१०
व्होल्टेज २१५ च्या आसपास. आउटडोअर बिल्डिंगच्या डक्टमध्ये (भिंतींमधल्या उभ्या मोकळ्या जागेत) आहे. तिथे ऊन अजिबात पोचत नाही, म्हणून तो प्रश्नच नाही. गेल्या वर्षी याच जागी उत्तम चालला.

जुना_कारागीर | संध्याकाळी ६:२२
तोच प्रश्न आहे! खालच्या मजल्यांची आउटडोअर त्याच डक्टमध्ये आहेत का? यंदा नवीन कोणी लावलं? आणि डक्ट वरून उघडा आहे की झाकलेला?

शिरीषगंध | संध्याकाळी ६:४५
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर यंदा नवीन लागले. कबुतरांचा त्रास होता म्हणून सोसायटीने मार्चमध्ये डक्टवर फायबरचं शेड टाकलं. बाजूने जाळी आहे.

जुना_कारागीर | संध्याकाळी ७:०१
मग खालच्या सगळ्यांची गरम हवा वर चढते आणि शेडखाली, तुमच्या मशीनपाशी, कोंडते. एसीची ताकद मोजतात ती बाहेर ३५ डिग्री धरून. तुमचं मशीन कदाचित पन्नाशीच्या हवेत श्वास घेतंय. कॉइल तापली की प्रेशर चढतं, पीसीबी आधी कॉम्प्रेसरचा वेग कमी करते, तरी भागलं नाही तर बंद करते. थंड झाला की पुन्हा सुरू. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ हाच. उद्या अडीचला गच्चीवरून दोरीने थर्मामीटर आउटडोअरच्या मागच्या बाजूला सोडा.

विजू_इतवारी | संध्याकाळी ७:१५
आउटडोअरवर पाण्याचा फवारा लावा, प्रश्न मिटला.

जुना_कारागीर | संध्याकाळी ७:२४
बोअरचं पाणी असेल तर एका सीझनमध्ये कॉइलवर पांढरा थर बसतो, फिनमधून (कॉइलच्या बारीक पत्र्यांमधून) हवा जात नाही. नको.

बर्डीचा_मुसाफिर | रात्री ९:४०
विषय निघालाच आहे तर, कुलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून प्लगही काढा. लोखंडी टाकी, अर्थिंग नाही, ओले पाय. दर उन्हाळ्यात आपल्याकडे शॉकने माणसं जातात.

शिरीषगंध | २२ मे, दुपारी ३:२०
मोजलं. गच्चीवर सावलीत ४४, डक्टमध्ये आउटडोअरच्या मागे ५३! हात आत घातला तर भट्टीची धग. वॉचमनकाकांकडून शेडचे दोन पत्रे काढून घेतले, अर्ध्या तासात ४८ वर आलं. कुलर बंद केला. एसी सुरू आहे, मध्ये एकदाच बंद पडला. सेक्रेटरी मात्र पत्रे परत लावा म्हणतात. आउटडोअर गच्चीवर हलवावा का?

धंतोलीकर | दुपारी ३:३५
पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, दुपारी सावली मिळेल तिथे, स्टँडवर. समोर तीन-चार फूट मोकळं हवं. पण आधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या, नंतर गच्चीच्या हक्कावरून वाद होतात.

अनघा_म | दुपारी ३:४४
पावसाळ्यानंतर हलवा ना. आत्ता सगळे मेकॅनिक अडले आहेत, घाईत काम बिघडवतील. तोवर पत्रे उघडेच राहू द्या, कबुतरांसाठी वरूनही जाळीच बसवा.

जुना_कारागीर | दुपारी ४:०८
बाळ घरात आहे, पावसाळ्यापर्यंत कशाला थांबायचं? ताई, हलवताना समोर उभं राहून तीन गोष्टी पाहा. काढण्याआधी पंप-डाउन करायला लावा, म्हणजे गॅस आउटडोअरमध्येच अडकून राहतो. नाहीतर हवेत सोडतील आणि तुमच्याकडूनच पुन्हा भरायचे पैसे घेतील. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून हवा काढायची, आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, नळ उघडून फुस्स करून चालत नाही. पाइप लांबला तर वाढीव गॅस वजनकाट्यावर मोजून, किती ते कंपनीच्या पुस्तकात असतं. फ्लेअर नटवर (पाइपच्या जोडावर) साबणाचा फेस लावून लीक तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पाइप किती फूट लागेल ते मोजून इथे टाका, पुस्तकातल्या मर्यादेत बसतं का पाहू.

शिरीषगंध | दुपारी ४:३१
टाकीपर्यंत साधारण २२ फूट होतो. सेक्रेटरींना पत्र आत्ताच लिहिते आहे.

जुना_कारागीर | दुपारी ४:३६
बावीस फूट बहुतेक मशीनना चालतो. पाइप तांब्याचाच घ्या, आणि गच्चीवर इन्सुलेशनला उन्हाची टेप गुंडाळून घ्या.