अहमदाबादला २०३०, वाळूजला काय? (चर्चा)

वाळूजकर
नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला माझं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. दोन वेल्डर, एक कटिंगवाला आणि पावडर कोटिंगची भट्टी. बारा वर्षं गाड्यांच्या व्हेंडरांचं जॉबवर्क केलं. मागच्या दिवाळीपासून ऑर्डरी निम्म्यावर आल्यात आणि भट्टी आठवड्यातून तीनच दिवस पेटते.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोच्या सभेत पक्कं झालं. १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झालेल्या स्पर्धेची ही शंभरी, म्हणजे थाट मोठाच असणार. माझा विचार असा: अहमदाबादजवळ साणंद नाहीतर चांगोदरला भाड्यानं शेड घ्यायची, इथून दोन माणसं न्यायची आणि बॅरिकेड, स्टीलचे बाक, पाट्यांच्या चौकटी, कचरापेट्यांचे स्टँड बनवायचे. भांडवलासाठी पैठण तालुक्यातली चार एकर तारण ठेवायची. त्यावरून घरात आठ दिवस धुसफूस चालू आहे.

माझं मत सांगून टाकतो, जावं. सहाशे किलोमीटरवर एवढं काम निघणार आणि आपण इथं ऑर्डरीची वाट बघत बसणार? शिवाय २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारतानं ऑक्टोबर २०२४ मध्ये इच्छापत्र दिलंय. शिव्या चालतील, फक्त कारणासकट द्या.

मोंढा_जालना
बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. २०३६ कुणाला मिळणार ते अजून ठरलेलं नाही, अन् तू त्याचा हिशेब आत्ताच धरायलास.

मी सळईचा धंदा करतो. जालन्यात इतक्या रोलिंग मिल आहेत, तरी अहमदाबादेत माल घालायचं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात येत नाही. गुजरातेत मिल कमी आहेत का? वर भाडं. तुझ्या बॅरिकेडचंही तेच. अहमदाबादेत ओढव, वटवा, नरोडा इथं वेल्डिंगवाले गल्लीगल्लीत बसलेत. त्यांना सोडून तुला कोण विचारणार?

अन् स्टेडियमं आधीच उभी आहेत ना. मोटेऱ्याचं १ लाख ३२ हजार प्रेक्षकांचं. नारणपुऱ्याचं क्रीडा संकुल २०२५ लाच सुरू झालं, ८२५ कोटींचं. मोठं काम मोठ्यांनी उचललं. उरलं ते सरपण.

वाळूजकर
@मोंढा_जालना काका, सरपणावरच तर आमची भट्टी चालते.

गोदाकाठ
मी नांदेडचा. आमच्या गावानं हे सगळं एकदा बघितलंय म्हणून लिहितो.

२००८ ला गुरुतागद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची त्रिशताब्दी होती. त्यासाठी शहर जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेत घेतलं, रस्ते खोदले, पूल झाले, विमानतळ झाला. दोन वर्षं आम्ही धूळ खाल्ली. माझ्या मामाचा मंडपाचा धंदा होता. मुख्य ठेकेदार बाहेरगावचा, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली मामा. मामानं कर्ज काढून गाद्या, कनाती, ताटं घेतली. काम झालं, फोटो निघाले, सत्कारही झाला. बिल मात्र चौदा महिन्यांनी आलं, तेही कापून. वरचा म्हणायचा, मला मिळाले की देतो. त्याचं खरं होतं की नाही हे मामाला शेवटपर्यंत कळलं नाही. गाद्या बरीच वर्षं वाड्यात पडून होत्या, उंदरांची सोय झाली.

आता दुसरी बाजू. त्याच मामाच्या शेजाऱ्यानं घराच्या माडीवर चार खोल्या काढल्या होत्या. सोहळ्यात त्याला फार काही सुटलं नाही, कारण लंगर अन् निवास गुरुद्वाऱ्याकडून होतंच. पण रस्ते झाले ते राहिले, यात्रेकरू वाढले. त्या खोल्या आज लॉज झाल्यात अन् त्याची दोन्ही लेकरं त्यावरच शिकली. दोघांनी कर्ज सारखंच काढलं होतं. मामानं ते पंधरवड्यासाठी काढलं आणि शेजाऱ्यानं पुढच्या पंधरा वर्षांसाठी.

साबरमतीचा_परभणीकर
मूळ जिंतूरचा, चौदा वर्षं अहमदाबादेत, खाणावळ चालवतो. मोंढावाल्या काकांना इथलं चित्र नीट माहीत नाही असं वाटतं.

१४ ऑक्टोबर २०२३ ला भारत-पाकिस्तान सामना होता. हॉटेलांचे भाव असे चढले की लोकांनी दवाखान्यात खाटा बुक केल्या. पूर्ण तपासणीच्या नावाखाली रात्रीची सोय! हसू नका, पेपरात आलं होतं. त्या दिवसांत माझ्याकडं दोन खोल्या जास्त असत्या तर वर्षाचं भाडं निघालं असतं. पण ते झालं दोन दिवसांचं. रोजचा धंदा वेगळाच आहे. मेट्रो, रस्ते, संकुलं, सगळीकडं मजूर आहेत आणि त्यांना दोन वेळचं जेवण लागतं. खानदेशातली पोरं, आपल्याकडची पोरं, त्यांना ज्वारीची भाकरी दिली की दुसऱ्या मेसकडं बघत नाहीत. मी बार्शीहून ज्वारी मागवतो. (परभणीवाल्यांनो, रागावू नका, तुम्ही वेळेवर पाठवत नाही.)

वाळूजकर भाऊ, बॅरिकेड सोडा. मजुरांच्या वस्तीला लोखंडी पलंग लागतात. दोनमजली. ठेकेदार ते भाड्यानं घेतात, काम संपलं की पुढच्या साइटवर जातात. स्पर्धा होवो न होवो, पलंग लागतातच.

मोंढा_जालना
पलंगाचं बरोबर बोललास. बाकी दवाखान्याच्या खाटेवर धंद्याचा अंदाज बांधू नये.

हिशेबनीस_लातूर
मी कर सल्लागार आहे, म्हणून रस घालवणारं लिहितो.

आधी शेड. साणंदला जागा घेऊन तिथून माल विकायला लागलात की गुजरातची वेगळी जीएसटी नोंदणी आली. वाळूजहून बनवून पाठवलात तर इथलीच चालते, आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी लावायचा. मग पहिल्या दिवशी शेड घेण्याचं कारण काय? दोन ऑर्डरी वाळूजहून पुऱ्या करून बघा.

दुसरं म्हणजे टेंडर. केंद्राच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. टेंडरच्या अनामत रकमेतही सूट आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, आणि तुम्ही स्वतः बनवणारे हवेत. दुसऱ्याचा माल फिरवणाऱ्याला हे लागू नाही. पण हा नियम केंद्राच्या खरेदीचा. राज्य सरकार किंवा अहमदाबाद महापालिकेच्या टेंडरला त्यांच्या अटी.

तिसरं, उधारी, आणि नांदेडच्या मामांचं दुखणं हेच. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. कागदावर छान आहे. पण तिसऱ्या पायरीवरचा माणूस वरच्या ठेकेदारावर तक्रार टाकत नाही, कारण पुढचं काम त्याच्याकडूनच यायचं असतं. दिल्लीत २०१० च्या स्पर्धा आटोपल्या, मग चौकश्या लागल्या आणि कित्येक पुरवठादारांची बिलं अडकली. बिल अडकल्यावर तारण ठेवलेली चार एकर जमीन कुणाची असते, हे मी फोडून सांगायला नको.

खोखो_बाई_धाराशिव
तुम्ही सगळे लोखंड, भाकरी अन् जीएसटीवर बोलायलात. खेळाबद्दल एक शब्द नाही!

मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य. ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. मराठवाड्याचा राष्ट्रकुलशी संबंध जोडायचा तर आधी हे नाव घ्या.

धंदा इथं आहे. माझ्या मुली मातीवर खो-खो खेळून मोठ्या झाल्या, पण स्पर्धा मॅटवर असते. सरावाला मॅट मिळवायचा तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलामुलींच्या दोन्ही संघांनी जिंकला. २०३० ला यजमानांना एक-दोन पारंपरिक खेळ सुचवता येतात. खो-खो लागला तर मैदानावरचे खांब कोण बनवणार? आजही शाळेनं खांब मागवला की कुठलातरी पाईप रंगवून येतो, उंची चुकीची, टोकाला धार. मागच्या वर्षी एका मुलीचा तळहात फाटला. वाळूजकर दादा, तुमच्याकडं पावडर कोटिंग आहे. गुळगुळीत, मापात खांब करून द्या. त्यासाठी साणंदला जायची गरज नाही.

साबरमतीचा_परभणीकर
ताई, पटतंय. पण शाळा पैसे कधी देतात?

खोखो_बाई_धाराशिव
मार्चएंडला. उशिरा देतात, पण देतात. तुमच्या ठेकेदाराचं तसं सांगता येतं का?

कोयता_केज
माझे आईवडील पंधरा वर्षं ऊसतोडीला गेले. उचल घेऊन. मुकादम आधी पैसे देतो अन् मग सहा महिने तुम्ही त्याचे. ही चर्चा वाचताना तेच आठवायलंय. फरक एवढाच, तुम्ही उचल बँकेकडून घ्यायलात.

अन् शहर नटतं तेव्हा आधी कुणाला हलवतात? दिल्लीत २०१० ला फेरीवाल्यांना उठवलं. ज्याची हातगाडी गेली त्याला काय संधी मिळाली, तेही लिहा कुणीतरी. २०२६ च्या स्पर्धा तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं खर्च परवडेना म्हणून २०२३ मध्ये सोडून दिल्या, म्हणून त्या ग्लासगोला गेल्या. पैसेवाली माणसं मागं सरायलीत अन् आपण सातबारा घेऊन पुढं.

गोदाकाठ
@कोयता_केज पटलं, पण अर्धंच. आमच्याकडं त्या रस्त्यांनी नंतर खूप जणांचं भलं केलं. फेरीवाल्यांचं मात्र तुम्ही म्हणता तसंच झालं, ते मी आधी लिहायला हवं होतं.

हिशेबनीस_लातूर
एक राहिलं. बाकांवर, पाट्यांवर हौसेनं स्पर्धेचं नाव किंवा चिन्ह छापू नका. परवाना लागतो. ओळखीत कुणी टी-शर्ट छापत असेल तर त्यालाही सांगा.

वाळूजकर
सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. मामांची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, सातबारा कपाटातून निघणार नाही, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. विषय संपला.

पण जाणार. शेड नाही घेत. परभणीकर दादा, दोन दिवस तुमच्या खाणावळीत जेवतो, एक-दोन साइटवर पलंग बघायला न्याल का? दोनमजली पलंगाचा नमुना वाळूजलाच करून आणतो. अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय दुसरा पलंग बनवणार नाही. ताई, खांबाचं माप आणि टोक कसं हवं ते पाठवा, पहिली जोडी शाळेला फुकट. कोयतेवाल्या भावाला उत्तर माझ्याकडं नाही.

साबरमतीचा_परभणीकर
या. येताना ज्वारीचं एक पोतं आणा, परभणीची. बघू वेळेवर येते का.

मोंढा_जालना
पलंगाला सळई चालत नाही, चौकोनी पाईप लागतो. भाव पाहिजे असेल तर सकाळी दहाच्या आत फोन कर. दहानंतर बदलतो.