शंभराची स्टार नोट खरंच कोरी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोर्टातल्या एका विक्रेत्याकडे शंभराची स्टार नोट बघून आलोय, मागे राणी की वाव ही गुजरातमधली पायऱ्यांची विहीर असलेली. छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी पुडक्यात घालतात ती ही. २००६ मध्ये १०, २० आणि ५० च्या नोटांपासून ही पद्धत सुरू झाली. अक्षरं आणि क्रमांक यांच्यामधला तारा स्वच्छ आहे, कोपरेही टोकदार. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ, उजवीकडचा त्रिकोण आणि कडेच्या चार तिरक्या रेघा बोटाला उठून लागायला हव्यात. इथे त्रिकोण जेमतेम जाणवतो, आणि नोट तिरपी धरली की मधोमध पुसट घडी दिसते. घडी लपवायला इस्त्री फिरवली असावी, असा मला दाट संशय आहे. विक्रेता मात्र कोरीच म्हणतो, आणि भावही तसाच सांगतो.

जाणकारांनो, दाबलेली नोट तुम्ही कशी ओळखता? भिंगाखाली बघायचं की उजेडासमोर धरून?

आणि मुंबईच्या पावसाळ्यात डाग पडू नयेत म्हणून काय करता? पीव्हीसीचे पाऊच नकोतच, मायलारचे, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरचे घेतोय. पण ओल शोषणारं सिलिका जेल कितपत उपयोगी पडतं? शनिवारपर्यंत नोट बाजूला ठेवायला सांगितलीय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.