ऊसतोड कामगारांच्या तळावर लसीकरण: मंडळानं नक्की काय करायचं?

पाणंद:
आमच्या गावाजवळच्या कारखान्याच्या तळावर शंभरेक खोप्या पडल्यात. बरीचशी मंडळी बीडकडची. लहान मुलं भरपूर, पण बहुतेकांकडे लसीचं कार्ड नाही. उपकेंद्राच्या सिस्टर दुपारी येऊन गेल्या, तर तळावर आयाच नव्हत्या. आमचं मंडळ मंडप, चहा, गाडी देऊ शकतं. सुरुवात कुठून करू?

गटप्रवर्तक:
मंडप राहू द्या, आधी यादी करा. आशाताईंची यादी गावातल्या घरांची असते, तळ तिच्यातून बऱ्याचदा सुटतो. खोपीगणिक फिरून मुलाचं नाव, वय, मूळ गाव-तालुका, फोन आणि गरोदर बायकांची नोंद घ्या. जन्मतारीख सांगता येत नसेल तर पोळ्याच्या आधी की दिवाळीनंतर, असं विचारा. ही यादी जोडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि तळाचं स्वतंत्र सत्र मागा. लस आकड्यावर निघते, ऐनवेळी वाढवून मिळेलच असं नाही.

वेळ सर्वांत महत्त्वाची. तोड पहाटे सुरू होते, त्यामुळे दहा ते चारचं सत्र वायाच. संध्याकाळ किंवा बाजाराचा दिवस मागून घ्या. त्याआधी मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला गाठा. पोराला ताप आला की आई खोपीवर थांबते, कोयता (नवरा-बायकोची जोडी) अर्धा होतो आणि खाडा पडतो. त्याची अडचण तिथंच आहे. दोन दिवस ताप येऊ शकतो हे आधीच सांगून तारीख त्याच्याकडूनच ठरवून घ्या, म्हणजे टोळी थांबते.

शीतपेटी:
कार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. आधीचे डोस झाल्याची खात्रीची नोंद असेल तर राहिलेलेच द्यायचे, पहिल्यापासून सुरुवात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) सुरू करता येते. वर्ष उलटलं आणि एकही डोस नसेल तर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस), चार-चार आठवड्यांच्या अंतरानं तीन. गोवर-रुबेला नऊ महिने झाल्यावर. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला एकही डोस नसेल तर महिन्याच्या अंतरानं दोन. दंडावर बीसीजीचा (क्षयरोगाच्या लसीचा) व्रण नसला म्हणजे लस दिलीच नाही, असं धरू नका.

गोवर-रुबेलाच्या कुपीतली पूड एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून मुलं एकेक न आणता घोळक्यानं आणा. अर्थात एकच मूल आलं तरी कुपी फोडायचीच. पेंटाची अडचण वेगळी, ती गोठली की बाद. डीप फ्रीजरमधले आइसपॅक तसेच लसीच्या कॅरियरमध्ये भरले की हेच होतं. पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच भरायचे. तुमचा चहा लस दिल्यानंतर ठेवा, कारण अर्धा तास तिथं थांबवावंच लागतं. तापाचं औषध सिस्टरच देतील, मंडळानं गोळ्या वाटू नयेत.

पाणंद:
आणि पुढचे डोस? मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की सगळे गावाकडं.

गटप्रवर्तक:
गळती तिथंच होते. म्हणून चार आठवड्यांच्या अंतराच्या तिन्ही तारखा पहिल्याच पत्रात मागा. पहिलं सत्र डिसेंबरात झालं तर तिसरं फेब्रुवारीत बसतं. यू-विनवर (सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीत) नोंद होते, पण नंबर मुकादमाचा टाकला किंवा सिम बदललं तर ती सापडवणं अवघड. आईचा नंबर, नाहीतर गावाकडच्या आजीचा. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार ठेवतात तिथंच, आणि त्याचा फोटो दोन फोनांत. पट्टा पडायच्या आधी राहिलेल्या मुलांची गाववार यादी त्यांच्या मूळ आरोग्य केंद्राला जाऊ द्या.

लाऊडस्पीकरवर भाषण नको. प्रत्येक आईला चारच गोष्टी: कुठली लस दिली, त्रास काय होईल, पुढची तारीख, कार्ड जपायचं. टोळीत बंजारा बायका असतील तर त्यांच्यातल्याच एकीनं गोरमाटीत सांगितलेलं चटकन पोचतं.

शीतपेटी:
एक राहिलं. नावं-नंबरांची यादी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या) वसुलीसाठी कोणी नावं गोळा करतंय असा संशय आला, तर दुसऱ्या सत्राला खोप्या बंद मिळतील.