मेंदूत भूमिती आहे, की बघणाऱ्याच्या डोळ्यात?

कोनमापक
मत आधीच सांगून टाकतो, मग हवं तेवढं झोडपा. मेंदू असो की चॅटजीपीटीच्या जातीची यंत्रं, एकेक पेशी किंवा एकेक आकडा तपासत बसून फारसं हाती लागत नाही. सगळे मिळून कुठला आकार धरतात ते बघावं.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला २००५ साली मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत एक विलक्षण पेशी सापडली. उंदीर मोकळ्या जागेत हिंडत असताना ती ठरावीक ठिकाणीच चेतते (म्हणजे विजेचे स्पंद सोडते), आणि त्या ठिकाणांवर खुणा केल्या की षट्कोनी फरशीसारखी जाळी उमटते. २०१४ च्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा होता. पण खरी मजा २०२२ ची. तिथल्याच गटाने अशा शंभरावर पेशींची एकाच वेळी नोंद घेतली. शंभर पेशी म्हणजे शंभर अक्ष, आणि कुठली पेशी किती चेतली त्यावरून दर क्षणाचा एक बिंदू. या सगळ्या बिंदूंचा मिळून आकार काय निघाला? मेदूवडा. गणितात त्याला टोरस म्हणतात.

शंकासुर
वडा बघायचाच म्हटलं की दिसतो हो.

मी पोटापाण्यासाठी डेटाच बघतो. एकदा ग्राहकांच्या माहितीचं टी-स्नीने (अनेक मितींची माहिती सपाट कागदावर उतरवणारी पद्धत) चित्र काढलं, पाच सुंदर बेटं आली. एक सेटिंग बदललं, नऊ झाली. साहेबांनी पाच ठेवायला सांगितली, कारण स्लाइडवर पाचच मावत होती! दुसरा दाखला घ्या. दारुड्याची झोकांड्या खात जाणारी चाल शंभर मितींमध्ये चालवा आणि पीसीए या तशाच दुसऱ्या पद्धतीने दोन मितींत उतरवा. निव्वळ यादृच्छिक चाल, तरी कागदावर गुळगुळीत डौलदार वळणं येतात. बघणारा म्हणतो, वा, काय रचना आहे! रचना कसली, पद्धतीचीच करामत.

नवखी
मधेच विचारते, हसू नका. फरशी सपाट, मग वडा कुठून आला?

कोनमापक
हसण्यासारखं काही नाही ताई, कळीचा प्रश्न आहे. जाळीत तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. उजव्या कडेने बाहेर पडलात की डाव्या कडेने आत, जुन्या मोबाइलवरच्या सापाच्या खेळासारखं. आता एक तुकडा कापून घ्या. समोरासमोरच्या दोन कडा चिकटवल्या की नळी, नळीची टोकं जोडली की वडा. (कागदाचा कराल तर चुरगळेल, सायकलची जुनी ट्यूब कापून बघा.)

शंकासुर, तुमची बेटं मान्य, टी-स्नीच्या चित्रावर मीही पैज लावणार नाही. पण वडा चित्र बघून ठरवलेला नाही. भोकं किती आणि कुठल्या जातीची, हे मूळ बिंदूंवरून मोजता येतं, आणि ते मोजलंय. शिवाय असा आकार निघेल हे भाकीत कित्येक वर्षं आधीचं. आणि उंदीर झोपला तरी वडा तसाच! कुठे हिंडत नाही, समोर खोली नाही, तरी आकार टिकून. म्हणजे तो खोलीतून आलेला नाही, आतल्या जोडणीतून आलाय.

शंकासुर
झोपेचा मुद्दा वजनदार आहे, मागे घेतो तेवढं. पण आकार असणं वेगळं आणि मेंदूने तो वापरणं वेगळं. धावणाऱ्या माणसाच्या सावलीलाही आकार असतो, सावली काही धावत नाही.

यंत्रांचं तर बोलूच नका. शब्दांना आकड्यांच्या रांगा देणारं २०१३ चं वर्ड-टू-वेक, त्यातलं ‘राजा वजा पुरुष अधिक स्त्री बरोबर राणी’, आठवतंय? ते गणित करताना प्रश्नातले शब्द उत्तरातून आधीच वगळलेले असतात. वगळले नाहीत तर बऱ्याचदा उत्तर येतं ‘राजा’. या चलाखीवर किती भाषणं झाली!

माशीमार
सावलीचं उत्तर फळमाशीकडे आहे. तिच्या मेंदूत दिशा सांगणाऱ्या पेशींची खरोखरची, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी कडी असते. माशी वळली की चेतनेचा ठिपका त्या कडीवरून सरकतो. २०१७ मध्ये संशोधकांनी प्रकाश टाकून कडीवर दुसऱ्याच जागी ठिपका उठवला. जुना विझला, नवा टिकून राहिला. सावलीला ढकलून बघा असं!

कोनमापक
धन्यवाद, माझं काम केलंत. राजा-राणीवर शंकासुरांशी सहमत, ते उदाहरण आता पुरून टाकावं. पण यंत्रातही ढकलून बघितलंय. ‘शुक्रवारनंतर चार दिवसांनी कोणता वार?’ हे विचारलं की काही भाषा-प्रारूपांच्या (चॅटजीपीटीच्या जातीच्या यंत्रांच्या) आत सात वार वर्तुळावर बसलेले आढळतात. २०२४ च्या एका कामात वाराचा बिंदू मुद्दाम वर्तुळावरून फिरवला, तर उत्तरातला वारही बदलला.

शंकासुर
माशीपुरतं मान्य. वारांपुरतंही मान्य, पण वार मुळातच गोल फिरतात, तिथे वर्तुळ सापडलं यात नवल ते काय? ‘उपरोध’ कुठल्या आकाराचा ते दाखवा. ‘वा, काय हुशार आहेस’ हे कौतुक की टोमणा, याची कडी, वडा, जे काय असेल ते.

कोनमापक
नाही दाखवता येत.

नवखी
माझ्या सासूबाईंचे नमुने पाठवू का? शंभरावर सहज निघतील.