गरिबी आहेच, पण धूरही आहे

टीबी गरिबांना होतो आणि विडीही गरीबच ओढतात, म्हणून दोन्हींचे आकडे जुळतात, विडीमुळे टीबी वाढतो असं नाही, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. कोंदट खोली आणि अर्धपोटी राहणं यांचा वाटा मोठा आहे, त्यात वाद नाही. पण चेन्नई आणि विलुपुरम भागातला, २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास बघा. दगावलेल्या सुमारे ४३,००० पुरुषांची तुलना ३५,००० हयात पुरुषांशी केली होती, तीही वय आणि शिक्षण हिशेबात धरून. तरी टीबीने मरण्याचं प्रमाण ओढणाऱ्यांत चौपटीहून जास्त निघालं, शहरात आणि खेड्यातही. (कर्करोगाचीच भीती घालत बसतो आपण!)

टीबीचा जंतू कितीतरी जणांच्या अंगात निपचित पडून असतो. धुराने फुप्फुसांची राखण ढिली झाली की तो उचल खातो. त्यात विडी सारखी विझते, म्हणून सिगरेटपेक्षा जास्त झुरके मारावे लागतात. आमच्या शेजारचे काका टीबीच्या गोळ्या नेमाने घ्यायचे आणि वर पाणी पिऊन झालं की कानामागची विडी काढायचे. केंद्रावर गोळ्यांचा हिशेब अगदी चोख, विडीचं मात्र कुणी विचारलंच नाही.