शब्दचर्चा: गर्भारपणात गर्भाशय ‘शिथिल’ असते की ‘निवांत’?

अनुवादिका, धरमपेठ, नागपूर

गर्भवतींसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद मी करीत आहे आणि त्यातल्या एकाच वाक्यापाशी आठवडाभर अडून बसले आहे. आशय असा, की गर्भाशय हा एवढा बळकट स्नायू असूनही महिनोन्‌महिने जोराने आकुंचन पावत नाही, आणि त्याच्या पेशींच्या आवरणात पोटॅशियमला बाहेर पडू देणारी जी सूक्ष्म छिद्रे असतात, ती उघडी असणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. मी लिहिले, ‘पोटॅशियम वाहिन्यांमुळे गर्भाशय शिथिल राहते.’ माझ्या सासूबाईंनी पस्तीस वर्षे प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम केले आहे. त्यांना हे वाक्य वाचून दाखवताच त्या म्हणाल्या, ‘अगं, शिथिल म्हणजे सैलच ना? पिशवीचे तोंड सैल आहे म्हणून जिला टाका घातला आहे, तिने हे वाचले तर तिची झोप उडेल.’ ‘वाहिनी’ हा शब्दही त्यांना पटला नाही, कारण गर्भाशयाच्या शेजारीच बीजवाहिनी असते, रक्तवाहिन्याही असतात, आणि वाचणारीला ही तसलीच एखादी नळी वाटेल. दोन्ही शब्दांसाठी जाणकारांनी पर्याय सुचवावेत, ही विनंती.

निवृत्त संस्कृत अध्यापक, महाल

‘शिथिल’ हा शुद्ध, अर्थवाही आणि शास्त्रीय लेखनात रुळलेला शब्द आहे. स्नायूंचे आकुंचन आणि शिथिलीकरण ही जोडी शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून आपल्या परिचयाची आहे. एखाद्या वाचकाच्या मनात भलता अर्थ येतो म्हणून परिभाषा बदलू लागलो, तर एकही शब्द स्थिर राहणार नाही. शिवाय ‘शिथिल’चे प्राकृतात ‘सिढिल’ आणि ‘सढिल’ झाले, आणि आपला ‘सढळ’ त्यातूनच आला असे मी मानतो. सढळ हाताने देणाऱ्याला कोणी दुबळा म्हणत नाही. तेव्हा या शब्दाच्या कुळात दोष नाही, दोष असलाच तर तो आपल्या कानात आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, रामदासपेठ

सरांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, की तपासणीच्या खोलीत शब्दाचे कूळ उपयोगी पडत नाही, समोरच्या बाईच्या कानात काय पोहोचते तेवढेच उरते. ‘तोंड सैल आहे’ हे आम्ही गर्भाशयमुखाबद्दल म्हणतो आणि ते धोक्याचे लक्षण असते. स्नायूचे शांत असणे ही मात्र हवीहवीशी अवस्था आहे. एकाच अवयवाच्या दोन भागांबद्दल असे परस्परविरोधी अर्थ सांगायचे असताना जवळजवळ समानार्थी शब्द वापरणे मला घातक वाटते.

दुसरे असे, की ‘शिथिल’ म्हटले की काहीच घडत नसल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात तर पेशी ही शांतता सतत राखत असते. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसपटींहून अधिक असते. छिद्र उघडले की ते बाहेर पडते, आतला भाग अधिक ऋणभारित होतो, आणि त्यामुळे कॅल्शियमची दारे उघडत नाहीत. कॅल्शियम आत आले नाही, की आकुंचनाची साखळी सुरूच होत नाही. गर्भारपणाच्या मध्यावर आवरणाच्या आतबाहेरच्या विद्युतदाबातला हा फरक साधारण उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि दिवस भरत येतात तसा तो उणे ४५ कडे सरकतो. म्हणजे प्रसूती जवळ आली, की हा स्नायू चेतवायला सोपा होत जातो.

एक सूचना शब्दाइतकीच महत्त्वाची आहे. ‘पोटॅशियममुळे गर्भाशय शांत राहते’ असे कृपया लिहू नका. ‘पोटॅशियम पेशीतून बाहेर पडत राहिल्यामुळे’ असे लिहा. प्रयोगशाळेत गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी भरपूर पोटॅशियम असलेल्या द्रावणात ठेवली, तर ती उलट आकुंचन पावते. तसे वाक्य वाचून एखादीने पोटॅशियमच्या गोळ्या घ्यायचे ठरवले, तर ते अनर्थाचे होईल.

अनुवादिका

डॉक्टर, हा खुलासा फार मोलाचा आहे. ‘-मुळे’ या एका शब्दयोगी अव्ययाने अर्थ एवढा उलटतो, हे माझ्या लक्षात आले नव्हते. ‘निवांत’ हा शब्द चालेल का? ‘गर्भाशयाचा स्नायू निवांत राहतो.’ सासूबाईंना तो आवडला आहे.

निवृत्त संस्कृत अध्यापक

‘निवांत’चे मूळ ‘निवात’, म्हणजे जिथे वारा नाही अशी जागा. वारा नसलेल्या जागी दिवा हलत नाही, हे चित्र आपण सांगता त्या अवस्थेला शोभते, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु ‘निवांत’पासून क्रियावाचक नाम कसे करणार? ‘शिथिलीकरण’ होते, ‘निवांतीकरण’ होत नाही. परिभाषेला अशी रूपे लागतात. याच नागपुरात डॉ. रघुवीर यांनी परिभाषेचे प्रचंड काम केले. एका मूळ शब्दापासून पूर्ण कुटुंब उभे राहिले पाहिजे, ही त्यामागची शिस्त आपण इतक्या सहज सोडू नये.

स्त्रीरोगतज्ज्ञ

ते कुटुंब पाठ्यपुस्तकात अवश्य नांदावे. पुस्तिकेला एक विशेषण पुरेसे आहे.

वाचक, गोंदिया

‘वाहिनी’बद्दल लिहितो. वाहिनी वाहून नेते, आणि हे छिद्र तर जागच्या जागी उघडते आणि मिटते. उघडे असताना त्यातून सेकंदाला सुमारे १० कोटी पोटॅशियम आयन जाऊ शकतात, आणि आकाराने लहान असलेल्या सोडियमला मात्र ते अडवते. ही निवड कशी होते हे दाखवणारी रचना १९९८ साली उलगडली आणि त्यासाठी रॉडरिक मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्याकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांना पाणी सोडण्यासाठी तुडूम असते. पाणी आत तुंबलेले, तुडूम उघडले की ते आपल्या ओढीने बाहेर पडते. मला तर पेशीचे हे छिद्र तुडमासारखेच दिसते. सर्व महाराष्ट्राला तो शब्द कळणार नाही हे मान्य आहे, म्हणून ‘द्वार’ सुचवतो.

संत्रा बागायतदार, काटोल

वाहिनी की द्वार याची चर्चा होत आहे, पण पोटॅशियमला आपला शब्द असताना तो कोणीच कसा वापरला नाही? नत्र, स्फुरद, पालाश हे शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. माझ्या सुनेला ‘पालाशद्वार’ लगेच समजेल.

अनुवादिका

काका, समजेल, पण खताच्या पोत्याची आठवण होऊन समजेल, अशी मला भीती वाटते. रक्ततपासणीच्या कागदावर तर ‘पोटॅशियम’च छापलेले असते.

निवृत्त संस्कृत अध्यापक

संस्कृताधारित परिभाषेत ‘दहातु’ आहे. ‘पालाश’ला मात्र माझा आक्षेप नाही. पालाश म्हणजे पळसाचे, पळसापासून झालेले. आयुर्वेदात पलाशक्षार प्रसिद्ध आहे आणि लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतातच. हा शब्द पूर्णपणे आपला आहे.

वाचक, गोंदिया

सर, मला तो ‘पोटॅश’ला दिलेला मराठी वेश वाटतो. भांडे आणि राख या दोन परक्या शब्दांपासून ‘पोटॅश’ झाला, आणि ध्वनी जुळला म्हणून आपण पळसाशी नाते लावले.

निवृत्त संस्कृत अध्यापक

ध्वनी जुळला आणि अर्थही जुळला, तर त्याला नुसता वेश कसे म्हणता येईल? राख तिकडेही आहे आणि इकडेही आहे.

संत्रा बागायतदार, काटोल

व्युत्पत्ती मला कळत नाही. माझी आजी पळसाची राख रात्रभर पाण्यात भिजवून वरचे निवळ पाणी कपडे धुण्यासाठी ठेवत असे. त्या पाण्याला ती ‘खाराचे पाणी’ म्हणायची, आणि ‘पालाश’ हा शब्द तिने जन्मात कधी उच्चारला नव्हता. तुमच्याकडे त्या पाण्याला काय म्हणत?