मदत हवी आहे: चोरीला गेलेल्या फोनमधला डेटा पुसू की थांबू?

काल संध्याकाळी बसमध्ये आईचा अँड्रॉइड फोन चोरीला गेला. सिम लगेच बंद करून घेतलं, नाहीतर बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जायचे. तिच्या गूगल खात्यातून फोन लॉकही केला, पण तो बंद आहे. नकाशावर कालचंच ठिकाण दिसतंय.

अडलंय ते इथे. डेटा पुसायला सांगितलं तर फोन नेटला जोडला जाताच सगळं जाईल आणि पुढे ठिकाणही दिसणार नाही. बाबांचे शेवटचे व्हॉइस मेसेज त्यातच आहेत, बॅकअप नाही. थांबावं का? किती दिवस?

खोक्यावरचा १५ अंकी आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) पोलीस तक्रारीत दिलाय. त्यावरून फोन ब्लॉक झाला, तरी वायफायवर तो सापडेल ना? कुणाला अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.